पेंटा, हेक्सा, हेप्टा: बहुभुजाकृतींच्या नावांचा तक्ता — प्रकल्प नोंदी

१२ जून

शाळा उघडण्याआधी कामाचा आराखडा कागदावर यावा म्हणून आजपासून या नोंदी.

आमच्या सेमी-इंग्रजी वर्गातली मुलं बहुभुजाकृतींची नावं दोनदा शिकतात. पंचकोन, षटकोन, सप्तकोन, अष्टकोन ही यादी कुणी पाठ करत नाही. ज्याला आकडे येतात त्याला ती येतेच. पेंटागॉन, हेक्सागॉन, हेप्टागॉन, ऑक्टागॉन मात्र घोकली जाते, आणि सहामाही येईपर्यंत हेक्सा म्हणजे सहा की सात अशी चाचपणी पुन्हा सुरू होते. मला हे कायम खटकत आलं आहे, कारण दुसरी यादी पहिलीइतकीच सरळ आहे. तिच्यातही एक आकडा आणि एक ‘कोन’ एवढंच आहे. आकडे ग्रीकांचे, क्वचित रोमनांचे, आणि दोन्ही आपल्या आकड्यांचे सख्खे नातलग. ते नातं एकदा डोळ्यांसमोर आलं की घोकण्यासारखं फार थोडं उरतं, याची मला खात्री आहे.

म्हणून गणित कक्षाच्या भिंतीसाठी एक मोठा तक्ता करायचा. प्रत्येक नाव मधोमध तोडून लिहायचं, शेजारी ग्रीक, लॅटिन, संस्कृत आणि मराठी आकडा. सोबत पुठ्ठ्याच्या सुसम आकृती, हातात घेऊन मोजता येतील अशा. कामाला नववीतली काही मुलं, संस्कृतच्या बाई आणि मी.

१५ जून

सुरुवात ‘गॉन’पासून, कारण तो प्रत्येक ओळीत येणार.

ग्रीकमध्ये ‘गोनिआ’ म्हणजे कोपरा, कोन. ‘पोलिस’ म्हणजे पुष्कळ. पोलिगोनॉन म्हणजे पुष्कळ कोपऱ्यांची आकृती. गोनिआचं नातं ‘गोनू’ या शब्दाशी आहे आणि गोनू म्हणजे गुडघा. पाय जिथे वाकतो ती जागा. लॅटिनमध्ये गुडघ्याला ‘गेनू’ म्हणतात आणि संस्कृतात ‘जानु’. ग्रीक ग आणि संस्कृत ज ही जोडी ठरलेली आहे. ग्रीक ‘गेनोस’ (कुळ) आणि आपलं ‘जन’ हीसुद्धा तशीच जोडी.

हे वर्गात सांगितलं तेव्हा संस्कृतच्या बाईंनी लगेच ‘आजानुबाहू’ फळ्यावर लिहिलं: ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो. आरतीत, पोवाड्यात ऐकलेला शब्द आणि हेक्सागॉनचं शेपूट एकाच घरातले निघाले, तेव्हा मागच्या बाकांवरूनही माना वर झाल्या. तक्त्यावर ‘गॉन’च्या रकान्यात वाकलेल्या गुडघ्याचं छोटं रेखाचित्र काढायचं ठरलं.

आपल्या ‘कोण’ शब्दाबद्दलही बाईंनी सांगितलं. तो ग्रीक गोनिआवरूनच संस्कृतात आला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्यावर एकमत नाही म्हणून तक्त्यावर घालणार नाही. ‘केंद्र’ मात्र निःशंकपणे ग्रीक आहे: ‘केंत्रॉन’, म्हणजे टोकदार काटा, पुढे कंपासचं रुतवायचं टोक. ग्रीक ज्योतिषाबरोबर हा शब्द भारतात आला. ‘दिआमेत्रॉन’, म्हणजे व्यास, याच वाटेनं येऊन ‘जामित्र’ झाला आणि कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त, शिवपार्वतीच्या विवाहाच्या मुहूर्तात जाऊन बसला.

दहावीसाठी एक टीप: ट्रिगोनोमेट्री. हा शब्द बार्थोलोमेउस पिटिस्कुस या जर्मन गणितज्ञानं १५९५ साली आपल्या ग्रंथाच्या नावात वापरला आणि तिथून रूढ झाला. ट्रि-गोनो-मेट्री, त्रि-कोण-मिती. पहिला तुकडा दोन्हीकडे एकच. शेवटचा ‘मेत्रॉन’ आणि आपली ‘मिती’ यांचा धातूही एकच, मोजण्याचा.

१८ जून

आज आकडे. संपूर्ण प्रकल्पाचा कणा हाच, त्यामुळे तासाभराचं काम दोन तास चाललं आणि चालू दिलं.

फळ्यावर रकाने असे भरले: संस्कृत, लॅटिन, ग्रीक, मराठी.

त्रि, त्रेस, त्रेइस, तीन.
चत्वारः, क्वात्तुओर, तेत्तारेस, चार.
पञ्च, क्विंक्वे, पेंते, पाच.
षष्, सेक्स, हेक्स, सहा.
सप्त, सेप्तेम, हेप्ता, सात.
अष्ट, ऑक्तो, ऑक्तो, आठ.
नव, नोवेम, एन्नेआ, नऊ.
दश, देकेम, देका, दहा.

मुलांना म्हटलं, वाचू नका, नुसतं आडवं बघत राहा. थोड्या वेळानं एका मुलानं विचारलं, “सर, बाकी दोघांकडे स आहे तिथे ग्रीककडे ह कसा?” प्रश्न असाच यायला हवा होता. ग्रीक भाषेत शब्दाच्या सुरुवातीला, स्वराच्या आधी येणारा जुना स झिजून ह झाला. सेप्तेम–हेप्ता, सेक्स–हेक्स. ‘अर्धा’ या अर्थाचा लॅटिन ‘सेमि’ ग्रीकमध्ये ‘हेमि’ होतो, म्हणून सेमिसर्कल आणि हेमिस्फिअर असे दोन वेगळे अर्धे आपल्या पुस्तकांत भेटतात. संस्कृतातही अर्ध्यासाठी ‘सामि’ असा शब्द आहे. आमचा वर्ग सेमी-इंग्रजी, म्हणजे रोज तोंडी असलेला ‘सेमी’ लॅटिन, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

हेक्सा-हेप्टाचा गोंधळ इथे संपतो. हेप्टातला ‘प्त’ पाहायचा: सप्त, हेप्त. ज्याच्यात प्त तो सात. उरलेला सहा. यापेक्षा चांगली खूण मला ठाऊक नाही, आणि ही कुणी रचलेली युक्ती नाही. भाषेनंच ती जपून ठेवली आहे.

दुसरी जोडी चार आणि पाचची. संस्कृतात च, लॅटिनमध्ये क्व, ग्रीकमध्ये त: चत्वारः, क्वात्तुओर, तेत्तारेस. ‘आणि’ या अर्थाचा शब्दही तसाच: च, क्वे, ते. पञ्च, क्विंक्वे, पेंते यांचा शेवट याच नियमानं चालतो. लॅटिनचा पहिला प तेवढा क्व झालेला आहे. ‘तेत्तारेस’ समासात आखडून ‘तेत्रा’ होतो आणि टेट्रागॉन, टेट्राहेड्रॉन, टेट्रा पॅक सगळीकडे तोच दिसतो.

आठ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. त्यामुळे ऑक्टागॉनमधला आकडा ग्रीक की लॅटिन हे ऐकून सांगता येत नाही.

१९ जून

कालच्या रकान्यांवरून एका मुलीनं विचारलं, “सेप्तेम म्हणजे सात, तर सप्टेंबर नववा का?” रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून मोजलं जाई. मार्चपासून बोटं मोजली की सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. लॅटिन आकडे लक्षात ठेवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. तक्त्याच्या तळाशी हे चार महिने घ्यायचे.

२२ जून

नऊ आणि अकरा. इथे नावांची शिवण उसवलेली दिसते.

तीनपासून बारापर्यंत शुद्ध ग्रीक यादी अशी व्हायला हवी: ट्रायगॉन, टेट्रागॉन, पेंटागॉन, हेक्सागॉन, हेप्टागॉन, ऑक्टागॉन, एन्नेआगॉन, डेकागॉन, हेंडेकागॉन, डोडेकागॉन. प्रत्यक्षात पहिली दोन नावं मागे पडून लॅटिन ‘ट्रायँगल’ आणि ‘क्वाड्रिलॅटरल’ रूढ झाली. ‘आंगुलुस’ म्हणजे कोपरा, ‘लातुस’ म्हणजे बाजू. दोन्ही नावं आतून-बाहेरून लॅटिन, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ‘नोनागॉन’मध्ये मात्र डोकं लॅटिन (‘नोनुस’, नववा) आणि धड ग्रीक. ‘अनडेकागॉन’ही तसाच, ‘उंदेकिम’ या लॅटिन अकरामधून. ‘सेप्टागॉन’ म्हणणारेही आहेत, पण त्याची काहीच गरज नाही. हेप्टागॉन हाताशी आहे.

दहावीच्या रसायनशास्त्रातली अल्केन मालिका मुलांसमोर ठेवली: पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, मग नोनेन, डेकेन, अनडेकेन, डोडेकेन. पुन्हा नऊ आणि अकरा याच दोन जागी लॅटिन शिरलेली आहे! भूमितीतल्या आणि रसायनातल्या नावांत एकाच ठिकाणी तसाच जोड पडावा, हे मला या सगळ्या कामात सर्वांत मौजेचं वाटलं.

तक्त्यावर काय छापायचं यावर चर्चा झाली. माझं मत असं: पाठ्यपुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत नोनागॉन येतो, म्हणून तो ठळक, खाली एन्नेआगॉन, त्याच आकाराच्या अक्षरात. मुलांनी दोन्ही ओळखावेत. अकरासाठी मी हेंडेकागॉन वर ठेवतो आहे. ‘हेन’ म्हणजे एक आणि ‘देका’ म्हणजे दहा, अगदी आपल्या ‘एकादश’सारखा. ‘दोदेका’ म्हणजे द्वादश. एकादशी-द्वादशीचा उपवास-पारणं जाणणाऱ्या घरातल्या मुलांना हे दोन आकडे वेगळे शिकवायला लागत नाहीत.

२६ जून

चौकोनांची नावं. इथे आकडे नाहीत, वस्तू आहेत, आणि त्यामुळे हा रकाना सर्वांत भरगच्च होणार.

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागात व्याख्या दिल्या आहेत. बाजू मोजून तो त्रिपलेउरा, तेत्रापलेउरा, पोलिपलेउरा असे गट करतो. ‘तेत्रागोनॉन’ हे नाव मात्र तो फक्त चौरसाला देतो: चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन. आयताला तो ‘हेतेरोमेकेस’ म्हणतो, ज्याच्या लांब्या वेगवेगळ्या आहेत तो. पुढे ऱ्होंबोस (समभुज चौकोन), ऱ्होंबोइदेस (समांतरभुज चौकोन), आणि उरलेल्या सगळ्यांना सरसकट ‘त्रापेझिया’.

त्रापेझिऑन म्हणजे छोटं मेज. ‘त्रापेझा’ हा शब्द ‘चार पायांचं’ अशा अर्थानं बनला. पैशांची अदलाबदल करणारे सराफ मेज मांडून बसत, म्हणून आजच्या ग्रीसमध्ये बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात. अथेन्समध्ये बँकेची पाटी वाचणारा माणूस नकळत समलंब चौकोनाच्या घराण्यातलं नाव वाचत असतो. सर्कशीतल्या झुल्याचं ‘ट्रॅपीझ’ हे नावही आकारावरूनच पडलं: वरचं छत, खालची दांडी आणि दोन दोर.

युक्लिडच्या ‘उरलेल्यां’मध्ये पुढे भेद केला गेला. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लुस हा, दोन बाजू समांतर असतील तर त्रापेझिऑन आणि एकही जोडी समांतर नसेल तर त्रापेझोइदेस, अशी विभागणी देतो. १७९५ साली चार्ल्स हटननं आपल्या गणितकोशात हे दोन अर्थ नेमके उलटे छापले. ब्रिटननं एकोणिसाव्या शतकात जुना अर्थ परत घेतला. अमेरिकेत उलटाच राहिला. म्हणून आपल्या पुस्तकातला ट्रॅपेझियम अमेरिकन व्हिडिओत ट्रॅपेझॉइड होतो. घरी व्हिडिओ पाहून अभ्यास करणारी मुलं इथे हमखास अडखळतात, तेव्हा ही ओळ तक्त्यावर लाल अक्षरात.

ऱ्होंबोस हा मूळचा एक फिरवायचा तुकडा. दोरीला लाकडाची पट्टी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवली की घुमणारा आवाज येतो. ग्रीक लोक तो धार्मिक विधींत वापरत. ‘गरगरणं’ या क्रियेवरून नाव पडलं आणि त्यावरून समभुज चौकोनाला मिळालं.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. भूमितीला सगळ्यांनी अंग दिलं आहे, पण अवयव वेगवेगळे. ग्रीकांचा कोन गुडघ्याचा. त्यांची बाजू ‘पलेउरा’, म्हणजे बरगडी. डॉक्टर फुप्फुसाच्या आवरणाला प्लूरा म्हणतात तोच शब्द. समद्विभुज त्रिकोण ‘इसोस्केलेस’, सारख्या तंगड्यांचा. आपल्याकडे त्याच बाजूला ‘भुज’, हात. ग्रीकांचा त्रिकोण दोन पायांवर उभा राहतो, आपला दोन हात जोडतो. काटकोनासमोरची बाजू ग्रीकांना ‘हिपोतेनुसा’, खालून ताणलेली. आपल्याला ‘कर्ण’, कान. चौकोनाच्या वरच्या बाजूला संस्कृत गणितात ‘मुख’ म्हणत, खालची ‘भूमि’. ब्रह्मगुप्तानं परिवर्तुळाच्या त्रिज्येला ‘हृदयरज्जू’ म्हटलं आहे, काळजातून निघालेली दोरी. फक्त टोकाच्या बाबतीत सगळे एकत्र येतात: ग्रीक ‘कोरिफे’ म्हणजे माथा, लॅटिन ‘व्हेर्तेक्स’ म्हणजेही माथ्यावरचा भोवरा, आणि आपला ‘शिरोबिंदू’.

मूळ आराखड्यात हे नव्हतं. पण याला वेगळी चौकट द्यायची, तक्त्याच्या उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत. बाईंचंही तेच मत पडलं.

२८ जून

पुठ्ठा कापायला सुरुवात. सगळ्या आकृती २० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात.

षटकोन सर्वांत सोपा. कंपासचं तोंड तसंच ठेवून परिघावर सहा खुणा. पंचकोन युक्लिडनं चौथ्या भागात पट्टी-कंपासनं काढून दाखवला आहे, तो मुलांनी रीतीनं काढला. सप्तकोन पट्टी-कंपासनं काढताच येत नाही, हे गणितानं सिद्ध केलेलं आहे, म्हणून तिथे जवळपासची रीत: वर्तुळात समभुज त्रिकोण काढायचा आणि त्याची निम्मी बाजू सप्तकोनाची बाजू म्हणून घ्यायची. २० सेंटीमीटरला ती ८.६६ येते, खरी ८.६८. पेन्सिलीच्या टोकाइतका फरक.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) याच कामाचे आकडे दिले आहेत. वर्तुळाचा व्यास १,२०,००० मानला तर आतल्या सुसम त्र्यस्राची बाजू १,०३,९२३, चतुरस्राची ८४,८५३, पंचास्राची ७०,५३४, षडस्राची ६०,०००, सप्तास्राची ५२,०५५, अष्टास्राची ४५,९२२, नवास्राची ४१,०३१. कॅल्क्युलेटरवर पडताळलं. सात आणि नऊ सोडून सगळे अचूक. त्या दोघांत सुमारे अकराचा फरक, लाखभराच्या व्यासात. ‘अस्र’ म्हणजे कड, कोपरा. आपला ‘चौरस’ हा शब्द ‘चतुरस्र’ झिजूनच झाला.

२ जुलै

ग्रीक नावं लॅटिनमध्ये कशी रुळली याची दोन उदाहरणं मुलांसाठी निवडली.

पहिलं वास्तुकार विट्रुव्हियसचं. अथेन्समध्ये अँड्रोनिकसनं बांधलेल्या वाऱ्यांच्या मनोऱ्याचं वर्णन तो लॅटिनमध्ये करतो, पण मनोऱ्याला ‘ऑक्तागोनॉन’ हेच ग्रीक विशेषण लावतो. संगमरवराचा तो आठ बाजूंचा मनोरा आजही उभा आहे. प्रत्येक बाजूवर एकेका वाऱ्याची मूर्ती.

दुसरं कोलुमेलाचं, पहिल्या शतकातलं. शेतीवरच्या त्याच्या ग्रंथात वेगवेगळ्या आकाराच्या जमिनींचं क्षेत्रफळ कसं काढायचं ते आहे. सहा कोपऱ्यांच्या शेताचं वर्णन तो आधी लॅटिन शब्दांत करतो आणि मग आकृतीला ‘हेक्सागोनुम’ म्हणतो. बाजू ३० रोमन फूट. रीत अशी: बाजूचा वर्ग ९००, त्याचा तिसरा हिस्सा ३०० आणि दहावा हिस्सा ९०, मिळून ३९०, त्याची सहापट २,३४०. आपल्या सूत्रानं उत्तर येतं २,३३८ आणि थोडं. मुलांनी करून पाहिलं आणि वर्गात खरा आनंद पसरला. एक तृतीयांश अधिक एक दशांश म्हणजे ०.४३३३, आणि वर्गमूळ तीनचा पाव म्हणजे ०.४३३०. करणीला हात न लावता शेतकऱ्याला पुरेल असं उत्तर.

लॅटिनची स्वतःची नावंही होतीच. केप्लरनं १६११ साली हिमकणावर लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेच्या नावात ‘सेक्सांगुला’ आहे, षट्कोनी. हिमकणाला नेहमी सहाच कोपरे का, हा त्याचा प्रश्न होता.

५ जुलै

मधल्या काळातली अरबी वाट तक्त्यावर आणायची की नाही? मी आणायच्या बाजूचा.

पश्चिम युरोपाला मध्ययुगात युक्लिड मिळाला तो मुख्यतः अरबीतून. बाराव्या शतकात बाथच्या अ‍ॅडेलार्डनं आणि क्रेमोनाच्या जेरार्डनं अरबीवरून लॅटिन भाषांतरं केली. १४८२ साली व्हेनिसमध्ये एर्हार्ड राटडोल्टनं ‘एलिमेंट्स’ पहिल्यांदा छापला तो कांपानुसच्या लॅटिन संस्करणावरून, आणि त्यात समभुज चौकोनाचं नाव ‘हेल्मुआयम’ आहे, त्रापेझियाचं ‘हेल्मुआरिफे’. दोन्ही अरबी शब्दांची लॅटिन कानांनी ऐकलेली रूपं. १५०५ मध्ये झांबेर्तीनं थेट ग्रीकवरून भाषांतर छापलं. आज आपण ऱ्होंबस म्हणतो, हेल्मुआयम म्हणत नाही.

याच अरबी परंपरेतून युक्लिड संस्कृतातही आला. जयपूरच्या सवाई जयसिंगांसाठी जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकात अरबीवरून ‘रेखागणित’ केलं, आणि १९०१-०२ मध्ये ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापलं गेलं. एकाच पुस्तकाच्या दोन वाटा, एक व्हेनिसला, एक जयपूरमार्गे मुंबईला. नकाशावर दोन बाणांत मावेल.

९ जुलै

एका मुलाचा प्रश्न वहीत लिहून ठेवण्यासारखा: “इंग्रजांनी स्वतःची नावं का केली नाहीत?”

एकानं केली होती. रॉबर्ट रेकॉर्ड, ज्यानं १५५७ साली बरोबरीचं चिन्ह छापलं तोच. १५५१ सालच्या भूमितीच्या पुस्तकात त्यानं समभुज त्रिकोणाला ‘थ्रीलाइक’ म्हटलं, समांतरभुज चौकोनाला ‘लाइकजॅम’, स्पर्शिकेला ‘टचलाइन’. कारागिरांना, मोजणीदारांना समजावं म्हणून. ‘टचलाइन’ तर आपल्या ‘स्पर्शरेषे’चं जुळं भावंड शोभेल. ही नावं टिकली नाहीत. १५७० मध्ये बिलिंग्स्लीचा इंग्रजी युक्लिड आला आणि भूमितीची इंग्रजी ग्रीक-लॅटिन नावांवर स्थिरावली.

जर्मनांनी मात्र ड्रायएक, फीरएक, फ्युन्फएक असं तीन-कोपरा, चार-कोपरा, पाच-कोपरा ठेवलं. जर्मन मुलाला षटकोनाचं नाव पाठ करावं लागत नाही, तसं मराठी मुलालाही लागत नाही. पाठ करावं लागतं ते इंग्रजी मुलाला, आणि इंग्रजीतून गणित शिकणाऱ्या आपल्या मुलाला. म्हणून मराठी नाव पहिल्या रकान्यात. तिथे अर्थ आधीच उघडा आहे. त्याच्या आधारानं पुढचे रकाने वाचायचे. क्रम यापुढे बदलायचा नाही.

१३ जुलै

बारानंतरची नावं. सगळी घेणार नाही; चार पुरेत.

पंधरा: युक्लिडच्या चौथ्या भागातला शेवटचा प्रश्न पंधरा बाजूंच्या आकृतीचा. ग्रीक नाव ‘पेंतेकाइदेकागोनॉन’. ‘काइ’ म्हणजे आणि, पाच-आणि-दहा. लहान आकडा आधी, जसा पंचदशात. प्रोक्लुस सांगतो की ही आकृती ज्योतिर्विदांच्या उपयोगाची होती: ३६० भागिले १५ म्हणजे २४, आणि क्रांतिवृत्ताचा, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेचा, तिरपेपणा तेव्हा सुमारे २४ अंश धरत.

सतरा: हेप्टाडेकागॉन. ३० मार्च १७९६ रोजी अठरा वर्षांच्या गाऊसनं ही आकृती पट्टी-कंपासनं काढता येते हे शोधलं. त्याच्या लॅटिन रोजनिशीतली ही पहिली नोंद. युक्लिडनंतर दोन हजार वर्षं या यादीत नवी भर पडली नव्हती. नववीतल्या मुलांना मी वय दोनदा सांगितलं.

वीस: आयकोसागॉन. ग्रीक ‘एइकोसि’ ऐकून वीस आठवत नाही, पण डोरिक बोलीतलं जुनं रूप ‘विकाति’ होतं, आणि ते ‘विंशति’च्या शेजारी ठेवलं की काही सांगावं लागत नाही.

हजार: किलिअगॉन. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४१ च्या चिंतनग्रंथातल्या सहाव्या प्रकरणात हे उदाहरण घेतलं आहे. त्रिकोण मनाच्या डोळ्यांना दिसतो. हजार बाजूंची आकृती समजते, पण दिसत नाही, आणि मनात जे धूसर चित्र येतं ते दहा हजार बाजूंच्या आकृतीहून वेगळं नसतं. तिचा एकेक आंतरकोन १७९.६४ अंश. मुलांना डोळे मिटून आधी पंचकोन आणि मग हा आणायला सांगितला. जे देकार्तला जाणवलं तेच त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं. ‘किलिओइ’, ‘सहस्र’ आणि फारसीतून आलेला आपला ‘हजार’ यांचंही मूळ एक.

१७ जुलै

तक्त्याचा कच्चा कागद पूर्ण. मराठी नाव डावीकडे, मग आकृती, मग तोडलेलं नाव, मग आकड्यांचे रकाने. उजवीकडे अवयवांची चौकट. खाली महिने आणि नकाशा. उच्चार देवनागरीत, ग्रीक लिपी फक्त शीर्षकात. अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता यावीत म्हणून वीसच्या पुढचा मजकूर कमी केला. किलिअगॉन राहिला, मुलांनी तो काढू दिला नाही.

पाचवीच्या एका वर्गाला तक्ता दाखवून पाहिला. त्यांना ग्रीकचं काही सांगितलं नाही. ‘हेप्टा’वर बोट ठेवून विचारलं, रकान्यात शेजारी कोण आहे? सप्त, सात. मग न शिकवलेला ‘हेप्टाडेका’ लिहिला. दोघी-तिघींनी सतरा सांगितलं.

१९ जुलै

मुलांना आता घनाकृतींचा तक्ता हवा आहे. पॉलिहेड्रॉनमधला ‘हेद्रा’ म्हणजे बैठक, आसन. आकृती ज्यावर बसते तो पृष्ठभाग. इथेही सुरुवातीचा ह जुन्या सचा: लॅटिन ‘सेदेरे’ म्हणजे बसणं, संस्कृत ‘सद्’. सदन, संसद आणि टेट्राहेड्रॉन एका रांगेत लिहायचे. बिशपचं आसन ‘काथेद्रा’, त्यावरून कॅथेड्रल, तेही त्याच रांगेत.

कामाची वाटणी: टेट्राहेड्रॉन आणि घनाचा साचा सोमवारपर्यंत. डोडेकाहेड्रॉनला बारा पंचकोन लागतील. ते पहिल्या तक्त्याच्या पंचकोनावरूनच आखायचे, पण निम्म्या मापाचे, नाहीतर कपाटात बसणार नाहीत. जुना फुटबॉल कुणाकडे असेल तर आणायचा, बारा पंचकोन आणि वीस षटकोनांचा. पुठ्ठा जाडसर घ्यावा, घड्यांच्या रेषा कापण्याआधी पट्टीनं दाबून घ्याव्यात.